पाहुणीसाठी लाल माती

माटुंगा,
६ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, पण आज बातमी अशी आहे की तू सगळं माफ करशील. तुमच्या ट्रान्झिट कॅम्पमागच्या बंद गिरणीच्या जमिनीची माती तपासायचं काम आमच्या कंपनीला मिळालं आणि यतीन सरांनी ते माझ्याकडे दिलं. म्हणजे ज्या परवानग्यांपायी तिथं व्हायची तुमची बिल्डिंग अकरा वर्षं अडली आहे, त्यातला शेवटचा कागद आता तुझी भाची लिहिणार!

नाचू नकोस, आधी पुढचं वाच. आमच्यात नियम आहे की जिथं आपली माणसं राहतात तिथलं काम घ्यायचं नाही. मी सरांना सांगितलेलं नाही. काम दुसऱ्याकडे गेलं तर फाईल पुन्हा कुठल्या कपाटात जाऊन बसेल सांगता येत नाही. तुमच्या पत्र्याच्या भिंतीत खिळा धरत नाही म्हणून बाबासाहेबांचा फोटो अजून पेटीवर टेकवून ठेवलेला असतो, ते मला बघवत नाही. तेव्हा मी तुझी कोण लागते हे कॅम्पात कुणाला कळू देऊ नकोस. मी आले की ओळख दाखवायची नाही, जेवायला थांबवायचं नाही. जमेल?

तू विचारशील, एवढी मोठी जमीन तपासणार कशी? सगळी तपासत नाहीत. जमिनीवर चौकटी आखून प्रत्येक चौकटीतली माती घेता येते, पण त्याला वेळ लागतो आणि खर्चही. दुसरी रीत अशी की जाणकारानं जागेचा इतिहास वाचायचा, डोळ्यांनी बघायचं आणि आपल्या अंदाजानं सांगायचं, इथं खोदा आणि इथं खोदा. सरांनी ही दुसरी रीत घ्यायची ठरवली आहे. चार जागा. जाणकार म्हणजे मी.

तुझी,
नम्रता

•

घोडपदेव,
११ जानेवारी २०२५

चि. नमूस आत्याचे आशीर्वाद आणि जय भीम.

तुझं पत्र आधी मी वाचलं, मग ह्यांच्या फोटोसमोर वाचलं. तुझ्या रामजी मामांना तुझं भारी कौतुक होतं, आज असते तर कॅम्पभर सांगत सुटले असते. बरं झालं, पत्रातच कळवलंस. गिरणीच्या वायडिंग खात्यातल्या खडखडाटात मी माझे कान गहाण टाकून आले, ते काही परत मिळाले नाहीत. कानातलं यंत्र घातलं की त्यात शिट्टी वाजते. प्रिती सून गुणाची, पण ती माझ्याशी ओरडून बोलली की सगळ्या कॅम्पाला वाटतं सासू-सुनेचं वाजलं.

गुपिताचं म्हणशील तर तोंडाला कुलूप लावलंय. फक्त प्रितीला सांगितलं, ती घरचीच. अजितला न सांगून कसं चालेल, पोटचा पोरगा आहे. आणि शेजारच्या रखमाला सांगावं लागलं, कारण तिनं कानाशी येऊन विचारलं, "कमळे, एवढी कशाला गो हसतेस?" आता पंचशील घेणाऱ्या बाईनं खोटं बोलायचं का?

तू येणार म्हणून इथं आम्ही एक गंमत करतोय. काय ते विचारू नकोस, आलीस की दिसेलच. दिसली नाही तर तुझं शिक्षण फुकट. अजितची श्रेया सगळ्यांत पुढे आहे. दुसरीतली पोर, पण मैदानात कबड्डी खेळून रोज एक फ्रॉक फाडून आणते.

थट्टा राहू दे. खरं सांगते नमू, मला आता दम नाही. हे गेले तेव्हा इथला जिना इतका अरुंद की चादरीत घालून उतरवावं लागलं. वळणावर ह्यांचे पाय अजितच्या हातून निसटले. ते मी विसरत नाही. मला माझ्या घरातून जायचंय, भिंतीत खिळा धरतो अशा घरातून. तेवढं कर माझे बाय.

तुझी,
आत्या

•

माटुंगा,
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,
जय भीम, जय भीम, जय भीम!

तपासणीचे आकडे आले. चारही ठिकाणची माती चांगली आहे. रिपोर्ट लिहिला, सही केली, काल तो पुढे गेला सुद्धा.

मी जागा कुठल्या निवडल्या ते सांगते, म्हणजे तुला कळेल की तुझ्यासाठी काही लपवाछपवी केलेली नाही. जिथं बॉयलरची राख टाकत ती कड घेतली. तेलाच्या टाकीखालची जागा घेतली, गटाराचं तोंड घेतलं. आणि चौथी जागा म्हणजे तुमचं कबड्डीचं मैदान. गिरणीच्या जुन्या नकाशात तिथं रंगखातं दाखवलंय. कापड रंगवून उरलेलं पाणी वर्षानुवर्षं तिथंच मुरलं. नव्या बिल्डिंगची बालवाडी आणि बागही नेमकी तिथंच यायची आहे. जमिनीत काही वाईट असेल तर ते इथंच, अशी माझी खात्री होती. मैदानाचा कागद मी सगळ्यांत शेवटी उघडला. आणि सगळ्यांत स्वच्छ माती निघाली ती तिथलीच!

आणि काय गं? ओळख दाखवू नकोस म्हटलं तर तू नवी साडी नेसून पुढे उभी! "या मॅडम, बसा मॅडम, उन्हातून आलात मॅडम!" रखमाबाई तोंडात पदर कोंबून हसत होत्या. अख्खा कॅम्प मला बघायला गॅलरीत जमलेला. मी मान खाली घालून गिरमिट वीतभर खाली घातलं, माती पिशवीत भरली आणि पळाले. आणखी थोडी थांबले असते तर तुझ्या गळ्यात पडले असते.

तुझी गंमत मात्र सापडली हं. गाडीत बसल्यावर बॅगेत सुकटीच्या चटणीचा डबा. कधी टाकलास?

आता खिळे आणून ठेव.

तुझी,
नमू

•

घोडपदेव,
१९ फेब्रुवारी २०२५

चि. नमूस,
आत्याचे आणि ह्या वेळी सगळ्या कॅम्पाचे आशीर्वाद.

अजितनं तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं म्हणे, मला ऐकू आलं नाही पण रखमा रडली ते दिसलं. प्रिती फ्रिजच्या जाहिराती बघत बसलीय. इतकी वर्षं आमच्याकडे काहीही घ्यायचं म्हटलं की 'नव्या घरात' असं उत्तर असायचं. आता बघू.

चटणीचा डबा प्रितीनं टाकला. ती गंमत नव्हे वेडे! गंमत तुझ्या पायाखाली होती आणि तुला दिसली नाही. अगं, पाहुणी येणार, तीही आपली पोर, आणि तिच्यापुढे ते काळपट, उखडलेलं मैदान ठेवायचं? अजितनं मंडळाच्या पोरांना कामाला लावलं आणि कर्जतकडून ट्रक भरून लाल माती आणवली. बायकांनी पाणी मारलं, पोरांनी रोलर फिरवला. घरी कुणी यायचं असलं की आपण अंगण सारवून घेतो ना, तसं. तू येईपर्यंत आम्ही कुणाला त्यावर चप्पल घालून जाऊ दिलं नाही.

सुशांत म्हणून मंडळाचा सेक्रेटरी आहे, तो कानाशी येऊन म्हणाला, "आजी, माती तपासायला येतायत आणि आपण माती टाकतोय, चालेल ना?" मी म्हटलं, बदलतोय कुठं, वरून हात देतोय. लग्नघरात भिंतीला चुना काढतात ती काय फसवाफसवी असते? आणि तू नेमकी तीच माती उचललीस! तू गेल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तुझी,
आत्या

•

माटुंगा,
२२ फेब्रुवारी २०२५

आत्या,

घाईत लिहिते. दोन गोष्टी कळव. लाल माती किती जाड आहे? आणि तिच्याखालची माती दिसायला कशी होती?

कुणाशी बोलू नकोस. ह्या वेळी खरंच नाही, रखमाबाईंशीसुद्धा नाही. श्रेयाला थोडे दिवस मैदानात पाठवू नकोस. कारण नंतर लिहीन.

नम्रता

•

घोडपदेव,
२७ फेब्रुवारी २०२५

चि. नमूस आशीर्वाद.

एवढंसं पत्र बघून मला वाटलं तुझं घरी काही बिनसलं. प्रितीला म्हटलं, नवऱ्याशी भांडली असेल, दोन दिवस इकडे ये म्हणून कळवू. मग वाटलं, न विचारता माती टाकली म्हणून रागावलीस.

विचारलंस ते सांगते. लाल मातीत हात घातला तर मनगटाच्या वरपर्यंत जातो. अजितनं हात आखडता घेतला नाही. खालची माती निळसर काळी, चिकट. पावसाळ्यात तिथं पाणी साचलं की पोरांच्या पायांना जांभळट डाग पडायचे, साबणानं घासले तरी जात नसत. रंगखातं कुठं होतं ते कुणाला माहीत? हे ह्याच गिरणीत मागावर होते, पण ह्यांचं साचेखातं पलीकडच्या अंगाला होतं, आणि मी तर दुसऱ्याच गिरणीत होते. आम्हाला वाटायचं, घाण आहे झालं. म्हणून तर झाकली.

एवढं लिहिलं आणि माझं मला कळलं तू का विचारतेस ते. पेन खाली ठेवून बसले होते.

आता माझं ऐक. तू प्रामाणिकपणे जागा निवडलीस, माती उचललीस, सही केलीस. आम्हीही वाईट मनानं काही केलं नाही. पोरं अकरा वर्षं त्या मातीत खेळली, कुणाला काही झालेलं मला तरी दिसत नाही. आता पुन्हा उकरून काढलंस तर किती वर्षं जातील सांग. माझ्याकडे तेवढी आहेत का ते पण सांग. ह्यांना चादरीतून उतरवलं, मलाही तसंच उतरवायचंय का? गप्प बस नमू. हात जोडते तुला.

आत्या

•

माटुंगा,
५ मार्च २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मला राग आला नाही. तुझ्या जागी मीही हेच लिहिलं असतं.

पण गप्प बसवेना, म्हणून सोमवारी यतीन सरांकडे गेले. सर गिरगावातल्या जुन्या घरातले, कधी आवाज चढवत नाहीत. मी म्हटलं, मैदानावर बाहेरची माती टाकलेली असावी असं वाटतं, आपण पुन्हा खोल खोदू या. ते म्हणाले, "नम्रता, जागा तू निवडलीस, का निवडलीस तेही तू उत्तम लिहिलं आहेस. आता नुसतं वाटतं म्हणून रिपोर्ट मागे घेता येत नाही. माहिती असेल तर आण, आणि ती कुणी दिली हेही सांग." बरोबरच बोलले. मला चिडायलाही जागा ठेवली नाही.

माहिती कुणी दिली? माझ्या आत्यानं. आत्या राहते कुठं? त्याच कॅम्पात. हे तोंडातून निघालं की रिपोर्ट रद्द, माझी नोकरी बहुतेक गेली आणि तुमची फाईल पुन्हा पहिल्यापासून. वर लोक म्हणणार की भाचीनं आत्याकरता मातीच बदलून घेतली. अजितचं नाव येईल. आणि नाही सांगितलं तर तिथं बालवाडी उभी राहील. पाया खणताना ती काळी माती वर येईल, वाळेल आणि तुमच्याच खिडक्यांतून आत शिरेल. ती किती वाईट आहे? मला ठाऊक नाही! कदाचित काहीच नसेल. पण तपासल्याशिवाय हे कळणार कसं, आणि कळल्याशिवाय तपासायला मागू कशी?

माझ्या हुशारीनं मला बरोबर जागेवर नेलं, आत्या, आणि तिथं मी तुझ्याकडे बघायचं टाळत होते. माती लाल दिसली तेव्हा मनात आलं, कबड्डीचं मैदान आहे, वर थोडी लाल माती असणारच. हातभर आणखी खाली जायचं होतं, बस. रोज ऑफिसात तोच विचार करत बसते आणि बाथरूममध्ये जाऊन रडते.

घर तुझं आहे. तू सांगशील तसं करीन.

नमू

•

घोडपदेव,
१८ मार्च २०२५

नमूस आशीर्वाद.

'तू सांगशील तसं करीन' हे वाचून तुझा खरा राग आला. एवढी शिकलीस ती काय म्हाताऱ्या आत्याच्या डोक्यावर ओझं ठेवायला? म्हणून इतके दिवस लिहिलं नाही.

पण तुझं एक ऐकलं होतं. श्रेयाला मैदानात पाठवणं बंद केलं. कारण काय सांगायचं, म्हटलं परीक्षा आली. दुसरीतल्या पोरीला कसली आलीय परीक्षा! खिडकीचे गज धरून रडायची. खाली रखमाचे दोन्ही नातू खेळत असायचे, मातीत लोळायचे, तोच हात तोंडात घालायचे. रखमा खालून मला हात करायची. मी दारात शेंगा सोलत बसलेली असायची, मीही हात करायची.

मग एके दिवशी माझा हात वर जाईना. तू चार जागा निवडल्यास, त्या निदान सगळ्यांसाठी. मी काय केलं? कॅम्पातल्या एवढ्या पोरांतून माझी एक निवडली आणि आत ओढून घेतली. बाकीच्यांना खेळू दिलं. अगं, रखमाच्या नातवांना मी मांडीवर घेऊन न्हाऊ घातलंय. मला माझी लाज वाटली नमू, एवढी की जेवण जाईना.

शुक्रवारी पौर्णिमा होती. वरच्या मजल्यावरच्या विहारात वंदना झाली आणि खीर वाटायच्या आधी मी उभी राहिले. मला माझा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे किती मोठ्यानं बोलले माहीत नाही. सगळं सांगितलं. आपण टाकलेली माती तपासली गेली, खालची नाही. खाली रंगखातं होतं. पुन्हा खोदायला लागेल आणि घर लांबेल.

कुणी काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही, ते बरंच झालं. तोंडं मात्र दिसत होती. अजित खीर न घेता निघून गेला, अजून माझ्यासमोर जेवायला बसत नाही. रखमा उठली, जिना उतरून तडक मैदानात गेली आणि दोन्ही नातवांना बखोटीला धरून वर घेऊन आली. माझ्यासमोरून गेली पण माझ्याकडे बघितलं नाही.

मी माझं केलं, आता तू तुझं कर. साहेब विचारतात ना माहिती कुणी दिली? नीट लिही. कमलाबाई रामजी गमरे, नम्रताची सख्खी आत्या. आणि खाली हेही लिही की घर नको असं आत्या म्हणालेली नाही. घर हवंय. खालची माती बघून हवंय.

आत्या

•

माटुंगा,
२ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,
जय भीम.

लिहिलं. तुझी शेवटची वाक्यं जशीच्या तशी घातली. सरांनी वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे तू जानेवारीत सांगायला हवं होतंस." एवढंच.

रिपोर्ट रद्द झाला. मला ह्या कामातून काढलं आहे. नोकरी राहते की जाते ते वरचे ठरवतील. तोवर रोज वेळेवर जाते आणि रिकाम्या टेबलाशी बसते, माझ्याकडे कुणी कागद पाठवत नाही.

तुमच्याकडे आता माझ्या जागी आमच्या ऑफिसातली मानसी येईल. चौकटी आखून, सगळ्या जमिनीवर, खोल खोदणार आहेत. जागा कुणी निवडायच्या नाहीत. मुलगी चांगली आहे, थोडी घाबरट. मैदानाला कुणी हात लावू नका, पाणीसुद्धा मारू नका. अजितला सांग, कागदावर त्याचं नाव मी येऊ दिलेलं नाही.

मला येता येणार नाही. निकाल लागेपर्यंत कॅम्पात पाऊल ठेवणार नाही, असं लिहून दिलंय. म्हणजे जयंतीलाही नाही. तुझ्या हातच्या वड्या राहिल्या ह्या वर्षी.

तुझी,
नमू

•

घोडपदेव,
९ मे २०२५

चि. नमूस आत्याचे आशीर्वाद आणि जय भीम.

मानसी येऊन गेली. मैदानावर कुणी झाडूदेखील फिरवला नव्हता. इतकं वाईट दिसत होतं की पाहुणीपुढं मला ओशाळल्यासारखं झालं, पण तुझं ऐकलं. तिच्या माणसांनी खोदत नेलं, लाल माती संपली आणि निळसर काळी वर आली. सगळा कॅम्प गॅलरीत उभा होता. ह्या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

मैदानाला आता पत्रे ठोकलेत. पोरं जिन्यात खेळतात, आणि जिना कसला आहे ते तुला माहीत आहे. निकाल अजून नाही. घराचं नाव कुणी काढत नाही, प्रितीनं जाहिराती रद्दीत टाकल्या. फोटो पेटीवरच आहे, रोज पुसते. अजित बोलतो आता, कामापुरतं. रखमा अजून हात करत नाही, पण परवा माझ्या दारासमोर थोडी थांबली. नातवाच्या पायाला काही डाग आहे का ते मला दाखवायचं होतं तिला. मी बघितलं, नव्हता.

तुला एक सांगायचं म्हणून लिहायला बसले. मानसी उन्हात उभी होती, तिला पाणी नेऊन दिलं. तिनं काहीतरी विचारलं, मला कळेना. मग तिनं कागदावर लिहून माझ्यापुढे धरलं, 'आजी, तुम्ही नम्रताच्या कोण?' खाली मंडळाची माणसं, वर सगळ्या बायका, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी सांगितलं. किती मोठ्यानं ते मला कसं कळणार, पण प्रिती म्हणते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

तुझी,
आत्या